आर्स मोरिएंडी

आर्स मोरिएंडी (लॅटिन; शब्दशः अर्थ 'मरण्याची कला') हे पंधराव्या शतकात युरोपात प्रसृत झालेल्या दोन परस्परसंबंधित लॅटिन ग्रंथांचे नाव आहे. मरणासन्न ख्रिस्ती व्यक्तीने मृत्यूला कसे सामोरे जावे आणि निकटवर्तीयांनी तिला धीर कसा द्यावा, याचे मार्गदर्शन त्यांत आढळते. पुढे या विषयावरील ख्रिस्ती वाङ्मयप्रकारालाही हेच नाव रूढ झाले.

== पार्श्वभूमी ==
१३४७ ते १३५१ या काळातील प्लेगच्या साथीत युरोपातील लोकसंख्येचा फार मोठा भाग मृत्युमुखी पडला. अनेक धर्मगुरूही दगावल्याने मृत्युसमयीचे धर्मसंस्कार न लाभताच असंख्य लोकांना मरण आले. धर्मगुरू उपस्थित नसतानाही सामान्य माणसाला आधार देईल अशा ग्रंथाची गरज त्यामुळे तीव्र झाली.

दीर्घ ग्रंथ १४१५ च्या सुमारास रचला गेला. त्याचा कर्ता अज्ञात असून तो बहुधा डोमिनिकन संन्यासी असावा. फ्रेंच धर्मशास्त्रज्ञ जाँ झेर्साँ यांच्या लेखनाचा त्यावर प्रभाव आहे. १४५० च्या सुमारास नेदरलँड्स प्रदेशात सिद्ध झालेल्या लघुग्रंथात अकरा काष्ठमुद्रित चित्रे होती. त्यामुळे निरक्षरांनाही त्याचा आशय उमगत असे.

== पाच मोह ==
लघुग्रंथात मरणासन्न माणसाला ग्रासणारे पाच मोह सांगितले आहेत : अश्रद्धा, निराशा, अधीरता, आध्यात्मिक अहंकार आणि ऐहिक आसक्ती. प्रत्येक मोहाच्या चित्रानंतर देवदूताने दिलेल्या सांत्वनाचे चित्र येते. अधीरतेच्या चित्रात वेदनांनी त्रासलेला रुग्ण सेवा करणाऱ्यालाच लाथ मारताना दिसतो. निराशेवरील सांत्वनात ख्रिस्ताला नाकारणारा पेत्र, मरीया मग्दालिया, पौल आणि क्रूसावरील पश्चात्तापी चोर रुग्णाच्या शय्येभोवती दाखवले आहेत. अपराध कितीही मोठा असला तरी क्षमा शक्य आहे, हा त्यामागील आशय होय. अकराव्या चित्रात देवदूत मृताचा आत्मा स्वीकारतात आणि दुष्टात्मे हताश होतात.

== सांत्वनाचे स्वरूप ==
दीर्घ ग्रंथाच्या सहा प्रकरणांपैकी पहिल्यात मृत्यूला भिण्याचे कारण नाही, असे प्रतिपादन आहे. तिसऱ्यात रुग्णाला त्याची श्रद्धा, पश्चात्ताप आणि इतरांना क्षमा करण्याची तयारी यांविषयी विचारावयाचे प्रश्न आहेत. आप्तेष्टांनी रुग्णाला बरे होण्याची खोटी आशा दाखवू नये, असेही ग्रंथ बजावतो. येथे सांत्वन म्हणजे मृत्यूचा विसर पाडणे नव्हे. भय, शंका आणि वेदना मान्य करून, स्वतःच्या पुण्याईऐवजी ख्रिस्ताच्या दुःखभोगावर व पुनरुत्थानाच्या आशेवर विसंबणे, हे त्याचे सार आहे. शय्येजवळ प्रार्थना करणारा विश्वासू मित्र असणे हाही या सांत्वनाचाच भाग मानला आहे.

== प्रभाव ==
मुद्रणकलेच्या आरंभकाळात या ग्रंथांच्या अनेक भाषांतून आवृत्त्या निघाल्या. विल्यम कॅक्स्टन यांनी १४९० मध्ये इंग्रजी संक्षेप प्रसिद्ध केला. धर्मसुधारणेच्या काळातही ही परंपरा खंडित झाली नाही. मार्टिन ल्यूथर यांनी १५१९ मध्ये मरणाच्या तयारीवरील प्रवचन प्रकाशित केले. मृत्यू, पाप आणि नरक यांवर दृष्टी न खिळवता ख्रिस्ताकडे पाहावे, असा उपदेश त्यात आहे. जेरेमी टेलर यांचा 'होली डाइंग' (१६५१) हा या परंपरेतील प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ होय. मात्र मृत्यूची तयारी अखेरच्या घटकेला नव्हे, तर आयुष्यभर करावयाची असते, यावर टेलर यांनी विशेष भर दिला.