कळफलकावरील राखीव जागा

टंकलेखन यंत्रावर कळ आणि अक्षर यांचे लग्न कायमचे लागलेले असते. 'ईमॅक्स' या संगणकीय लेखन-संपादकात तसे नाही. १९७६ साली अमेरिकेतील एम्. आय्. टी. या संस्थेत याचे मूळ रूप जन्मास आले. त्यात प्रत्येक कळ एखाद्या आज्ञेस जोडलेली असते आणि ही जोडणी आपणांस बदलता येते.

नवशिका फसतो तो इथेच. इतरत्र चालते म्हणून मजकूर जतन करण्याचे काम तो येथेही कंट्रोल-एसकडे देतो, आणि शब्द शोधण्याची मूळ कळ गमावून बसतो. यास्तव आधी कंट्रोल-एच, मग के, आणि मग हवी असलेली कळ दाबावी. ती सध्या कोणाच्या चाकरीत आहे, हे संपादकच सांगतो.

वापरणाऱ्यासाठी मुद्दाम राखलेल्या जागाही आहेत: कंट्रोल-सीनंतर एखादे रोमन अक्षर, किंवा एफ-५ ते एफ-९ या कळी. देवनागरीत लिहिणाऱ्यांनी दुसरी जागा पत्करावी, असे मी म्हणेन. लिपी पालटली तरी त्या कळी पालटत नाहीत. जोडणी मात्र आरंभीच वाचल्या जाणाऱ्या 'इनिट' फाईलमध्ये लिहून ठेवावी, एरवी संपादक बंद होताच ती पुसली जाते. माझ्या पहिल्या साऱ्या जोडण्या अशाच एका रात्रीत गेल्या.