तिग्रान पेत्रोस्यान : बचावाचा बादशहा

बुद्धिबळाचा नववा जगज्जेता तिग्रान पेत्रोस्यान याचा जन्म १७ जून १९२९ रोजी जॉर्जियातील तिबिलिसी येथे एका अर्मेनियन कुटुंबात झाला. हा खेळ तो आठव्या वर्षी शिकला. पुढे तिबिलिसीच्या पायोनियर केंद्रात अर्चिल एब्रालिद्झे या प्रशिक्षकांकडे त्याला शिस्तशीर शिक्षण मिळाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आईवडील दोघेही गेले आणि पोटासाठी त्याच्यावर रस्ते झाडण्याची वेळ आली. याच काळात त्याची श्रवणशक्तीही मंदावू लागली, आणि नंतर तो कानाला श्रवणयंत्र लावूनच खेळत असे. बुद्धिबळपटू आणि लेखक आरोन निम्झोविचच्या पुस्तकाची त्याने अक्षरशः पारायणे केली. प्रतिस्पर्ध्याचा बेत तडीस जाण्याआधीच मोडून काढावा, हा निम्झोविचचा विचार पेत्रोस्यानच्या खेळाचा पाया ठरला.

१९४६ मध्ये तो अर्मेनियाची राजधानी येरेवानला आणि १९४९ मध्ये मॉस्कोला गेला. सोव्हिएत संघात त्या वेळी बुद्धिबळाला सरकारी पाठबळ होते. राष्ट्रीय स्पर्धेत टिकाव धरणे आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकण्याइतकेच अवघड समजले जाई. १९५२ च्या स्टॉकहोम इंटरझोनल या जगज्जेतेपदाच्या मार्गावरील पात्रता स्पर्धेत एकही डाव न हरता सोव्हिएत खेळाडू तैमानोव्हसह दुसरे स्थान मिळवून पेत्रोस्यान ग्रँडमास्टर झाला. सोव्हिएत अजिंक्यपद त्याने पुढे चार वेळा पटकावले : १९५९, १९६१, १९६९ आणि १९७५.

स्वतः आक्रमणाची घाई न करणे आणि समोरच्याची आक्रमणाची वाट बंद करणे, हे त्याच्या शैलीचे मर्म होते. मात्र अशा खेळात मोहरे जपून ठेवण्यावरच भर असतो, असे नाही. बुद्धिबळात हत्तीचे मोल साधारण पाच प्याद्यांइतके, तर उंट किंवा घोड्याचे तीन प्याद्यांइतके धरतात. पेत्रोस्यान मोक्याच्या जागेसाठी हत्ती देऊन उंट वा घोडा घेण्यास सहज तयार होई. १९५३ मध्ये झुरिक येथे झालेल्या कँडिडेट्स, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत अमेरिकेच्या सॅम्युएल रेशेव्हस्कीविरुद्ध त्याने आपला हत्ती उंटाच्या माऱ्यात नेऊन ठेवला. उंटाने हत्ती घेतला, बदल्यात तोही मारला गेला आणि पांढऱ्या घरांवरचा त्या उंटाचा पहारा संपला, पेत्रोस्यानचा घोडा पटाच्या मध्यभागी ठाण मांडून बसला आणि प्रतिस्पर्ध्याची पुढे सरकू पाहणारी प्यादी जागीच अडली. डाव बरोबरीत सुटला. हे बलिदान हल्ल्यासाठी नव्हे, तर बचावासाठी होते. म्हणूनच हा डाव आजही अभ्यासला जातो.

असा सावध खेळाडूही चुकत असे. १९५६ च्या ॲम्स्टरडॅम कँडिडेट्स स्पर्धेत सोव्हिएत खेळाडू ब्रॉनस्टाइनविरुद्ध डाव जवळजवळ जिंकलेला असताना, आपल्या वजिरावर घोड्याचा मारा आहे हे त्याच्या ध्यानातच आले नाही. वजीर गेला आणि डावही गेला.

१९६२ मध्ये कुरासाव बेटावरील कँडिडेट्स स्पर्धेत त्याने २७ पैकी १७.५ गुण मिळवून सोव्हिएत खेळाडू केरेस आणि गेलर यांना अर्ध्या गुणाने मागे टाकले. या तिघांनी आपसांतले सर्व १२ डाव बरोबरीत सोडवले होते. सोव्हिएत खेळाडू संगनमताने खेळतात, असा जाहीर आरोप अमेरिकेच्या बॉबी फिशरने केला. त्यानंतर जागतिक बुद्धिबळ महासंघाने साखळी पद्धत सोडून कँडिडेट्ससाठी थेट लढती सुरू केल्या. १९६३ मध्ये मॉस्कोत पेत्रोस्यानने पहिलाच डाव गमावूनही तत्कालीन जगज्जेता मिखाईल बॉटविनिकला १२.५–९.५ असे हरवले आणि जगज्जेतेपद मिळवले. हरलेल्या जगज्जेत्याचा फेरलढतीचा हक्क तोवर रद्द झाला होता, त्यामुळे बॉटविनिकला पुन्हा संधी मिळाली नाही.

१९६६ मध्ये आव्हानवीर बोरिस स्पास्कीला १२.५–११.५ असे नमवून त्याने किताब राखला. या लढतीचा दहावा डाव त्याच्या शैलीची दुसरी बाजू दाखवतो. हत्तीच्या बदल्यात उंट-घोड्यांसारखे हलके मोहरे स्वीकारत त्याने स्पास्कीच्या राजाची तटबंदी उघडी पाडली. शेवटी स्वतःचा वजीर देऊ करताच स्पास्कीने डाव सोडला. वजीर घेतला असता, तर पुढच्याच चालीत घोडा राजा व वजीर या दोघांवर एकदम मारा करणार होता. तीन वर्षांनी, १९६९ मध्ये, स्पास्कीने १२.५–१०.५ असा विजय मिळवून किताब हिसकावला. १९७१ मध्ये ब्युनोस आयर्स येथील कँडिडेट्स अंतिम लढतीत दुसरा डाव जिंकून पेत्रोस्यानने फिशरची सलग विजयांची मालिका तोडली खरी, पण लढत फिशरनेच ६.५–२.५ अशी जिंकली.

त्याच्या चिवटपणाचा खरा पुरावा ऑलिंपियाड या देशांच्या संघांमधील स्पर्धेत मिळतो. १९५८ ते १९७८ दरम्यानच्या १० ऑलिंपियाडमध्ये तो १२९ डाव खेळला : ७८ विजय, ५० बरोबरी आणि फक्त एक पराभव. तो पराभवही १९७२ मध्ये पश्चिम जर्मनीच्या रॉबर्ट ह्युबनरकडून झाला. या काळात सोव्हिएत संघाने त्याच्यासह नऊ सांघिक सुवर्णपदके मिळवली.

पटाबाहेरही त्याचे काम मोठे आहे. १९६८ मध्ये येरेवान विद्यापीठात त्याने बुद्धिबळातील विचारांच्या तर्कशास्त्रावर प्रबंध सादर केला. ‘६४’ या साप्ताहिकाचे संपादनही त्याने १९७७ पर्यंत केले. किंग्ज इंडियन आणि क्वीन्स इंडियन या सुरुवातींमधील काही प्रकार त्याच्या नावाने ओळखले जातात. १३ ऑगस्ट १९८४ रोजी मॉस्कोत कर्करोगाने त्याचे निधन झाले. अर्मेनियात बुद्धिबळाची जी लाट त्याच्या जगज्जेतेपदाने उसळली, तिची फळे नंतर दिसली. या छोट्या देशाने २००६, २००८ आणि २०१२ मध्ये ऑलिंपियाड जिंकले आणि २०११ पासून प्राथमिक शाळांत बुद्धिबळ सक्तीचा विषय केला. येरेवानचे मध्यवर्ती बुद्धिबळगृह आज पेत्रोस्यानच्याच नावाने चालते.