दोन रात्रींचा वाडा

पहाटे ५. जिंतूर तालुका, येलदरी धरणाच्या अलीकडचं काळं रान. एप्रिल. हरभरा निघालाय, नांगरट व्हायचीय. लेंडीखतासाठी रानमालकानं मेंढ्यांचा वाडा बसवलाय. वाघरीच्या जाळ्याआड दख्खनी मेंढ्या अंगाला अंग लावून. मेंढपाळ मामी एकीचा मागचा पाय धरून बसलीय. हिचं कोकरू परवा मेलं. समोर उभं आहे त्याची आई मेलीय. हिशेब सरळ, पण मेंढीला मान्य नाही. ती त्याचं बूड हुंगते, वास परका लागतो, की लगेच धडक. मामी पाय सोडत नाही, तेवढ्यात कोकरू पिऊन घेतं.

"चार दिस धरावं लागतंय. मंग घेती."

सकाळी ७. रानमालक आला. ठरलेले पाचशे रुपये आणि पायलीभर ज्वारी. हातात तीनशेच, बाकी उद्या. म्हणजे जंताचं औषधही उद्या. लोकरीचं विचारलं तर मामा हसतात. कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा सुटत नाही.

९.१५. शेळ्या पुढं, मेंढ्या मागं. मामा आकडीनं बाभळीची फांदी हलवतात. शेंगा पडल्या की रेटारेटी. थोराड मेंढ्या खांदा मारून आत घुसतात, पाठी-कोकरं बाहेर. पलीकडं दोन नर मागं सरतात, पळत येतात, खाडकन टक्कर. पुन्हा मागं. माजावर आलेली मेंढी मात्र शेंगा खातेय. वीस मेंढ्यांमागं एक नर पुरतो. सरकारच्या महामेष योजनेचा गटही २० अधिक १ असाच. मग दुसरा कशाला पोसायचा?

"बकरी ईदला जाईल की."

दुपारी १२.४५. ऊन मी म्हणतंय. कळप गोल झाला. प्रत्येकीची मान खाली, डोकं शेजारणीच्या पोटाखाली, सावलीत. लांबून बघावं तर केवढी एकी! जवळ बसलं की दिसतं, कडेची सारखी आत रेटतेय आणि आतली बाहेर फेकली जातेय. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टन यांनी १९७१ साली सावलीऐवजी शिकाऱ्याबाबत असंच गणितानं मांडलं: शिकारी यायचाच, तर त्याच्या नि आपल्या मधे दुसरं कुणीतरी असावं, या धडपडीतूनही कळप जमू शकतो. मामांनी हॅमिल्टन वाचलेला नाही.

"म्हातारी अन् लंगडी कडंला ऱ्हाती. लांडगा बी तिथूनच नेतो."

४.२०. धरणाचं पाणी. दुसरा कळप आला आणि सगळी सरमिसळ झाली. मामांनी शीळ घातली, तशा बहुतेक आपापल्या वाटेला लागल्या. राहिलेल्या चारांवरून आवाज चढले. पाठीवरचा गेरू पाहून तीन इकडं, एक तिकडं.

संध्याकाळी ७. लहान कोकरं आयांकडं सोडली. कान बधिर करणारी बेंबें, दहा मिनिटं. मग नुसतं चुळूचुळू पिणं.

रात्री ९. वाघर पुढच्या पट्ट्यात हलवली. आता भांडण माणसांचं. वाडा दोघा भावांचा, कुत्रं एक. मामा म्हणतात, नाल्याकडं बांधा, लांडगा तिकडून येतो. धाकट्याची कोकरं रस्त्याच्या बाजूला. त्याला गाडी घेऊन येणाऱ्या चोरांची भीती. शेवटी मामी वैतागली, कुत्रं मोकळं सोडलं. धाकट्याच्या बायकोनं त्याला अर्धी भाकरी टाकली. ते रस्त्याकडं जाऊन बसलं.