डोंगराचा नकाशा आणि मुलाची पायवाट

इगतपुरी आणि अकोले या तालुक्यांच्या सीमेवरील कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच असून महाराष्ट्रात ते सर्वोच्च होय, हे आपले विद्यार्थी तोंडपाठ सांगतात. परंतु त्या आकड्याचा अर्थ त्यांना उमगतो काय? तो उमगण्याचे उत्तम साधन म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलनिर्देशक नकाशा.

या नकाशाचे प्रमाण बहुधा १ : ५०,००० असते, म्हणजे कागदावरील २ सेंटिमीटर हे जमिनीवरील १ किलोमीटर होय. त्यावरील तपकिरी रेषा या समोच्च रेषा होत. एका रेषेवरील सर्व स्थळे समुद्रसपाटीपासून सारख्याच उंचीवर असतात, आणि लगतच्या दोन रेषांच्या उंचीत सामान्यतः २० मीटरांचा फरक असतो. रेषा दाट तेथे चढ उभा, विरळ तेथे सौम्य. सह्याद्री लाव्हाच्या आडव्या थरांचा बनलेला असल्याने कड्यांपाशी रेषांची दाटी व मधल्या सपाटीवर विरळता असा क्रम वारंवार आढळतो.

हे शिकविण्यास खर्चिक साहित्य नको. एक खडबडीत दगड घमेल्यात ठेवून बोटभर पाणी ओतावे व पाण्याच्या कडेने दगडावर खिळ्याने रेघ ओढवून घ्यावी. पुन्हा तितकेच पाणी चढवावे, पुन्हा रेघ ओढावी. शेवटी पाणी काढून दगड वरून पाहावयास सांगावे व दिसतील तशा रेघा पाटीवर काढवून घ्याव्यात. मुलांनी काढलेला तो पहिला नकाशा होय.

या ज्ञानाचा उपयोग परीक्षेपुरता नाही. शाळेपासून एखादा पाडा नकाशावर २ सेंटिमीटरच दूर आहे, पण मध्ये चढत जाणाऱ्या १५ समोच्च रेषा आहेत असे समजा. मग कागदावर जे १ किलोमीटर, ते बालकाच्या पायांना सुमारे ३०० मीटरांची चढण ठरते, आणि तीही आषाढातल्या निसरड्या वाटेने. शिक्षण हक्क कायद्याखालील केंद्राच्या २०१० च्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटरची मर्यादा आहे. तथापि जेथे भूप्रदेश दुर्गम, वा दरडी, पूर यांचे भय, तेथे ती कमी करावी असेही त्यांतच सांगितले आहे.

म्हणून पाड्यांची अंतरे कळविताना शिक्षकबंधुभगिनींनी केवळ किलोमीटर लिहून थांबू नये. चढ किती, वाटेत ओहोळ किती, आणि लहान मुलास चालण्यास वेळ किती लागतो, हेही नोंदवावे. पट्टीने मोजलेले अंतर कार्यालयास पुरते. मुलास मात्र डोंगर चढून यावे लागते.