मूळ प्रत हरवलेला खेळ

दिवेलागण झाली की घरातील मुले दूरदर्शन संचापुढे ठाण मांडून हातातील बटणांशी झटू लागतात आणि वडीलधाऱ्यांच्या कपाळी आठी उमटते. 'काय हा काळाचा अपव्यय!' हा त्यांचा उद्गार पुष्कळदा योग्यही असतो. तथापि या व्हिडिओ गेमच्या गर्दीत काही खेळ असेही आहेत की, ज्यांच्यामागे एखाद्या चांगल्या ऐतिहासिक कादंबरीइतका विचार आणि बुद्धिबळाच्या पटाइतकी बांधणी असते. अशाच एका जपानी खेळाची, आणि तो एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेताना त्याच्या निर्मात्यांवर ओढवलेल्या प्रसंगाची, हकीकत आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. खेळाचे नाव 'फायनल फँटसी टॅक्टिक्स'.

पट आणि सोंगट्या

स्क्वेअर या जपानी कंपनीने हा खेळ २० जून १९९७ रोजी सोनीच्या प्लेस्टेशन या यंत्रासाठी प्रसिद्ध केला. त्याचे दिग्दर्शक यासुमी मात्सुनो. तत्पूर्वी क्वेस्ट या कंपनीत असताना त्यांनी 'ओगर बॅटल' (१९९३) आणि 'टॅक्टिक्स ओगर' (१९९५) हे दोन खेळ रचून नाव मिळविले होते. या खेळातील पात्रांची चित्रे अकिहिको योशिदा यांची, तर संगीत हितोशी साकिमोतो व मासाहारू इवाता यांचे.

खेळाची जात समजून घेण्यास आपणांस दूर जावे लागत नाही. आपल्या चतुरंगाची एक शाखा पूर्वेकडे जाऊन जपानात 'शोगी' या नावाने रुजली, असे सामान्यतः मानले जाते. घरांनी आखलेला पट, आळीपाळीने चाली आणि प्रत्येक सोंगटीची निराळी शक्ती हा या खेळाचाही पाया आहे. मात्र येथील पट सपाट नसतो. त्यावर टेकड्या, छपरे आणि ओढे असतात. उंचावर उभ्या राहिलेल्या तिरंदाजाचा बाण दूर जातो. चालही ठरावीक क्रमाने येत नाही. ज्याचा वेग अधिक त्याची पाळी आधी येते आणि मोठा मंत्र म्हणणाऱ्याला तो सिद्ध होईपर्यंत थांबावे लागते. तेवढ्यात लक्ष्य केलेला शत्रू जागा बदलून निसटूही शकतो.

याहून मोठा भेद असा की, येथील प्यादे मुके नसते. प्रत्येक शिपायाला नाव असते. तो उमेदवारीपासून आरंभ करून सरदार, तिरंदाज, वैद्य, मांत्रिक असे अनेक व्यवसाय शिकतो, आणि एका व्यवसायात कमावलेली विद्या दुसऱ्यात वापरू शकतो. असा तासन्‌तास जोपासलेला शिपाई रणात पडला आणि तीन पाळ्यांच्या आत त्याला कोणी सावरले नाही, तर तो कायमचा जातो. मग खेळणाऱ्याला हळहळ वाटते. पट मांडून पुन्हा डाव सुरू केला की सगळी प्यादी जिवंत होतात, ही बुद्धिबळातील सोय येथे नाही.

दडवून ठेवलेले कागद

कथानक इव्हॅलिस नामक एका कल्पित राज्यात घडते. शेजाऱ्यांशी पन्नास वर्षे चाललेले युद्ध हरल्यावर तेथील शिपाई उपाशी परततात, बंडे माजतात, आणि राजाच्या मृत्यूनंतर बालराजाचे पालकत्व कोणाकडे असावे यावरून दोन बड्या सरदारांत यादवी पेटते. दोघांच्याही चिन्हांवर सिंह असल्याने तिला 'सिंहांचे युद्ध' म्हणतात. रामझा हा उमराव घराण्यातील धाकटा मुलगा. डेलिटा हा त्याच घरात वाढलेला, परंतु सामान्य कुळात जन्मलेला त्याचा मित्र. डेलिटाची निरपराध बहीण बंडखोरांच्या हाती सापडते, आणि उमरावांच्या फौजेतील माणूस तिच्या जिवाची पर्वा न करता बाण सोडतो. त्या एका बाणाने दोन मित्रांच्या वाटा कायमच्या फुटतात.

डेलिटा पुढे डावपेचांच्या बळावर राजपद मिळवितो आणि इतिहासात वीर म्हणून गाजतो. ज्याने खरोखर राज्य वाचविले तो रामझा मात्र धर्मपीठाच्या लेखी पाखंडी ठरतो. सत्य ठाऊक असलेला ओरान दुराई हा गृहस्थ सारी हकीकत लिहून धर्मपीठापुढे मांडतो. त्याला जिवंत जाळण्यात येते आणि त्याचे कागद दडपले जातात. सुमारे चारशे वर्षांनी ते उजेडात येतात, आणि त्याच्याच वंशातील अराझलाम नावाचा इतिहासकार ही कथा आपणांस सांगू लागतो. सारा खेळ हा त्या हरवून सापडलेल्या दप्तराचे वाचन आहे. वाचकांनी एवढी गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे खुद्द या खेळाच्या नशिबीही काहीसे असेच आले.

भाषांतर तसे यंत्रांतर

पुस्तक शंभर वर्षांनीही उघडून वाचता येते. व्हिडिओ गेमचे तसे नाही. तो ज्या यंत्रासाठी रचला, ते यंत्र बाजारातून गेले की तबकडी शाबूत असूनही निरुपयोगी होते. म्हणून जुना खेळ नव्या यंत्राच्या बोलीत पुन्हा उतरवावा लागतो. या कामाला त्या धंद्यात 'पोर्ट' म्हणतात. भाषांतराच्या चालीवर आपण त्याला यंत्रांतर म्हणू.

आपल्या खेळाचे पहिले मोठे यंत्रांतर मे २००७ मध्ये झाले. सोनीचेच प्लेस्टेशन पोर्टेबल हे हातात मावणारे यंत्र, आणि खेळाचे नवे नाव 'द वॉर ऑफ द लायन्स'. मूळ प्लेस्टेशनची स्मृती अवघी दोन मेगाबाइट होती. हे खिशातले यंत्र त्याच्या कितीतरी पट सामर्थ्यवान. पडदा रुंद झाला, हलत्या चित्रांचे नवे प्रवेश आले, दोन नवे व्यवसाय आणि काही नवी पात्रे दाखल झाली. परंतु वेगवान यंत्रावर येऊनही हा खेळ जागोजागी मंदावला. मंत्र सुटला की चित्र रेंगाळे आणि ध्वनी त्याच्या मागून येई. चांगल्या अनुवादकाला दोन्ही भाषांचा श्वास कळावा लागतो, तसेच हेही काम आहे.

भाषेच्या बाबतीत मात्र हे यंत्रांतर सरस ठरले. खेळाचा पहिला इंग्रजी अनुवाद १९९८ साली अमेरिकेत गेला, तो चुकांसाठी प्रसिद्ध आहे. जपानी लिपीत 'र' आणि 'ल' यांना वेगळी अक्षरे नाहीत. 'र', 'ल' आणि 'ळ' असा तिहेरी भेद सहज पाळणाऱ्या मराठी माणसाला त्याची गंमत वाटेल. पण या अभावापायी अराझलामचा अलाझलाम आणि अर्गाथचा अल्गस झाला. जपानी भाषेत 'बुरेसू' या उच्चाराने इंग्रजीतील श्वासही सूचित होतो आणि मनगटावरील कडेही. परिणामी अजगरसदृश प्राण्याचा अग्निश्वास अनुवादात 'अग्निकंकण' होऊन बसला! २००७ च्या आवृत्तीत संपूर्ण संहिता जुन्या वळणाच्या भारदस्त इंग्रजीत नव्याने लिहिली गेली, आणि राजदरबारातील पात्रे प्रथमच दरबाराला शोभेल असे बोलू लागली. हाच अवतार पुढे २०११ साली ॲपलच्या मोबाइलवर आणि २०१५ साली अँड्रॉइड मोबाइलवर गेला.

मूळ संहिता कोठे गेली?

३० सप्टेंबर २०२५ रोजी स्क्वेअर एनिक्स या आताच्या कंपनीने त्या काळातील कन्सोल यंत्रांसाठी आणि संगणकासाठी 'दि इव्हॅलिस क्रॉनिकल्स' ही आवृत्ती प्रसिद्ध केली. तिचे दिग्दर्शक काझुतोयो माएहिरो. मूळ खेळाच्या निर्मितीतही त्यांचा सहभाग होता. या निमित्ताने जी माहिती बाहेर आली ती चटका लावणारी आहे. १९९७ च्या खेळाची मूळ संहिता कंपनीपाशी शिल्लकच नव्हती.

संहिता म्हणजे काय, हे थोडे उलगडून सांगावयास हवे. कार्यक्रम रचणारे लोक माणसाला वाचता येतील अशा भाषेत हजारो आज्ञा लिहितात. नंतर त्यांचे रूपांतर केवळ यंत्राला कळणाऱ्या आकड्यांत होते. विकल्या जाणाऱ्या तबकडीवर असते ते हे दुसरे रूप. ताटात वाढलेल्या पुरणपोळीवरून डाळ-गूळ ओळखता येतो, पण कणीक किती वेळ तिंबली, तेल किती घातले, हे पोळी सांगत नाही. ते ठाऊक असते करणारीला, किंवा तिच्या हातच्या वहीला. येथे वहीच हरवली होती.

असे प्रसंग त्या काळी विरळा नव्हते. याच कंपनीच्या २००२ सालच्या 'किंगडम हार्ट्‌स' या खेळाची मूळ सामग्रीही हरवली होती, आणि २०१३ च्या नव्या आवृत्तीसाठी तिचे पुष्कळसे भाग पुन्हा घडवावे लागले. खेळ विकला, दुसरा हाती घेतला, ही धंद्याची रीत. जुन्या फायली जतन करणे हे कोणाचेच नेमून दिलेले काम नव्हते.

तेव्हा माएहिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती असलेल्या आवृत्त्या समोर ठेवल्या आणि खेळाचे नियम त्यांतून उलगडीत संहिता नव्याने उभी केली. अनेक पोथ्या ताडून एक शुद्ध पाठ सिद्ध करावा, तसेच हे पाठसंशोधन. तयार झालेली आवृत्ती दुहेरी आहे. एका भागात मूळ खेळाचे रूप शक्य तितके जपले आहे. दुसऱ्यात नव्या सोयी आहेत, पात्रांच्या संवादांना कंठ लाभला आहे, आणि संवादांवर खुद्द मात्सुनो यांनी पुन्हा हात फिरविला आहे. २००७ साली जोडलेले नवे व्यवसाय व पात्रे मात्र दोहोंतही घेतलेली नाहीत. त्यावरून काही रसिक रुसले. नंतरची भर ठेवावी की गाळावी, हा प्रत्येक संपादकापुढचा जुनाच प्रश्न आहे. त्याला सर्वांचे समाधान होईल असे उत्तर नाही.

दडपलेल्या कागदांची कथा सांगणारा खेळ स्वतःच आपले कागद गमावून बसला होता, हा योगायोग विलक्षण खरा. परंतु दोन्ही ठिकाणी शेवट एकच आहे. ओरानची वही त्याच्या मागे टिकली. आणि हा खेळही टिकला, कारण त्याच्या प्रती घरोघरी पोहोचल्या होत्या आणि त्या जपणारे लोक होते. मूळ मालकाची तिजोरी रिकामी निघाली तरी वाटून दिलेले धन बुडाले नाही.

मूळ प्रांतापासून दूर, पिढ्यान्‌पिढ्या परमुलखी नांदलेल्या आपल्यासारख्या घरांना यातील मर्म निराळे सांगावयास नको. आजोबांची मोडीतील टिपणे, आजीच्या पदार्थांची वही, लग्नपत्रिकांच्या मागे लिहिलेली वंशावळ यांची बहुधा एकच प्रत असते आणि ती एकाच पेटीत असते. पुढच्या सुट्टीत ती पेटी उघडावी, टिपणांवर कोणाची व केव्हाची हे लिहावे, आणि एकेक नक्कल काढून लेकीसुनांच्या घरी पाठवावी. त्या कामी पडद्यापुढे बसलेल्या चिरंजीवांनाच हाताशी घ्यावे. नकला काढण्याची यंत्रे त्यांना आपल्याहून अधिक चांगली कळतात.