मावळातील नदीमाशांचे ग्रसनीदंत : डिंभावस्थेपासून बोटुकलीपर्यंत

प्रस्तावना :

मावळ तालुक्यातील पवना व इंद्रायणी या नद्यांमधील बहुतेक खवलेधारी मासे कार्प गणात मोडतात. सोमाटण्यालगत पवनेत मिळणाऱ्या अशा एखाद्या माशाचे तोंड उघडून पाहिले तर जबड्यावर एकही दात आढळत नाही. मरळ किंवा चिलापी यांच्या जबड्यावर मात्र दात असतात. यावरून ‘कार्प मासे दंतहीन असतात’ असे विधान पदवी वर्गांच्या टिपणांत सर्रास केले जाते. ते अर्धसत्य आहे. कार्प माशांना दात असतात. फक्त ते घशात असतात, आणि पिल्लाने पहिला घास घेण्यापूर्वीच ते उगवू लागतात. प्रस्तुत लेखात या दातांच्या घडणीचा विचार केला आहे.

विषय-विवेचन :

कार्प गणाच्या पूर्वजांनी जबड्यावरील दात किमान ५ कोटी वर्षांपूर्वी गमावले. उरले ते कल्ल्यांच्या पाचव्या कमानीवरील ग्रसनीदंत. या दातांना समोर दुसरे दात नसतात. कवटीच्या तळाशी असलेल्या शृंगमय गादीवर दाबून अन्न चिरडले जाते. महसीर म्हणजेच खडशी या माशात प्रत्येक बाजूस तीन ओळींत अनुक्रमे ५, ३ व २ दात असतात. या माशाचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याच्या पूर्वेकडील मुळा-मुठेतील नमुन्यांवरून केले होते, ही बाब येथे नमूद करण्याजोगी आहे.

दाताची घडण कशी होते, याचा सर्वाधिक तपशीलवार अभ्यास झेब्राफिश या छोट्या माशावर झाला आहे. हा मासाही कार्प गणातीलच. घशाच्या अभिस्तराचा एक भाग जाड होऊन आत वळतो, त्याखालील मध्योतक पेशी त्यास प्रतिसाद देतात, आणि दोहोंच्या परस्परक्रियेतून दंतिनाचा शंकू तयार होऊन हाडाला जोडला जातो. फलनानंतर साधारण ४८ तासांनी पहिल्या दाताचा अंकुर दिसतो. त्या वेळी पिल्लू पीतकावरच जगत असते. बाहेरचे अन्न ते सुमारे पाचव्या दिवशी घेऊ लागते. तोपर्यंत प्रत्येक बाजूस तीन दात तयार झालेले असतात. हे पहिले दात अगदी बारीक, साध्या शंकूसारखे असून त्यांत रक्तवाहिन्या वा चेतातंतू नसतात.

डिंभाचे किशोर माशात रूपांतरण होते तो काळ दातांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. शेपटीच्या मागच्या टोकापर्यंत गेलेला पर तुटून स्वतंत्र पर बनतात, खवले येतात, आणि या साऱ्यामागे अवटू ग्रंथीच्या संप्रेरकाची प्रेरणा असते. याच सुमारास दंतविन्यासही विस्तारतो. झेब्राफिशमध्ये चौथ्या आठवड्याच्या आसपास प्रत्येक बाजूचे ११ दात पूर्ण होतात. दरम्यान जुने दात गळून त्या जागी मोठे दात येत राहतात, आणि ही अदलाबदल आयुष्यभर चालते. आपल्या जलाशयांत सोडल्या गेलेल्या सायप्रिनसमध्ये तर आकारच पालटतो : डिंभाचे टोकदार दात जाऊन शंखशिंपले फोडू शकणाऱ्या दाढा येतात. (कोकणातील लेप मासा याहून विलक्षण. त्याचा एक डोळा दुसऱ्या बाजूस सरकतो आणि प्रौढाच्या जबड्यावर डोळे नसलेल्या बाजूसच दात राहतात.)

हा विषय केवळ पाठ्यपुस्तकापुरता नाही. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा कंपनीच्या मत्स्यबीज केंद्रात १९७० च्या दशकापासून महसीरचे कृत्रिम प्रजनन झाले. महसीरच्या अंड्यात पीतक भरपूर असते, त्यामुळे उबल्यानंतरही पिल्ले काही दिवस तळाशी निपचित राहतात. मत्स्यव्यवसायात जिरे, बीज व बोटुकली असे टप्पे मानले जातात, ते लांबीवरून. माझ्या मते लांबीइतकेच घशाकडेही पाहावयास हवे. बारीक शंकूदंतांच्या पिल्लाला मऊ सूक्ष्म प्राणीच चिरडता येतात. कठीण खाद्य देणे किंवा त्याच अवस्थेत त्यास नदीत सोडणे म्हणजे अन्न समोर असून उपाशी ठेवणे होय.

अध्यापनाच्या दृष्टीने एक सूचना. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली प्राणिशास्त्रातील विच्छेदन बंद करण्याचे निर्देश दिल्यानंतर प्रात्यक्षिकांत पोकळी निर्माण झाली. ग्रसनीदंतांसाठी मात्र जिवंत प्राण्याची गरजच नाही. मासळीबाजारात विकल्या गेलेल्या रोहूचे डोके मंद आचेवर उकळावे, कल्ल्यांमागची कोयत्यासारखी वाकडी दोन हाडे सावकाश सोडवावीत आणि मऊ ब्रशने धुऊन वाळवावीत. हाडावर पक्के बसलेले दात, गळालेल्या दातांच्या रिकाम्या जागा आणि नशीब असेल तर शेजारी उगवू लागलेले नवे टोक, हे सर्व साध्या हातभिंगाखाली दिसते.