पौंडात घेतलेल्या मोटारी

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा हिंदुस्थानातील सरकारी खात्यांच्या मोटारी पार झिजून गेल्या होत्या. सहा वर्षांत नागरी वापरासाठी नव्या गाड्या जवळजवळ आल्याच नव्हत्या. अमेरिकी सैन्य मागे ठेवून गेलेल्या जीप आणि मालमोटारी लिलावात विकल्या जात होत्या, पण त्यांचेही आयुष्य युद्धात सरत आले होते. 1947 नंतर नव्या सरकारला एकाच वेळी लष्करासाठी, जिल्हा कचेऱ्यांसाठी, प्रवासी वाहतुकीसाठी आणि परदेशांत उघडणाऱ्या वकिलातींसाठी गाड्या हव्या होत्या. त्या कुठून घ्यायच्या याचे उत्तर रस्ता कसा आहे यापेक्षा खिशात कोणते चलन आहे यावर ठरले.

डॉलर नव्हते, पौंड होते. युद्धकाळात ब्रिटनने हिंदुस्थानकडून धान्य, कापड आणि सैन्याचा बराचसा खर्च उधारीवर उचलला. त्यासाठी लागणारे रुपये इथे छापले गेले आणि बदल्यात हिंदुस्थानच्या नावे लंडनमध्ये पौंडांची नोंद होत गेली. युद्धअखेरीस ही स्टर्लिंग शिल्लक सुमारे 1,700 कोटी रुपयांवर पोहोचली होती. त्या काळी एका पौंडाचे साधारण सव्वातेरा रुपये होत. आकडा मोठा असला, तरी त्यामागे महागाईत होरपळलेल्या कोट्यवधी घरांचे हाल होते, हे विसरता येत नाही. शिवाय ब्रिटनची तिजोरी रिकामी असल्याने ही रक्कम गोठवलेली होती आणि करार होतील तशी थोडी थोडी मोकळी केली जात होती. मोकळे झालेले पौंड खर्च करण्याची सर्वांत सोपी जागा अर्थातच ब्रिटन. सप्टेंबर 1949 मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले आणि त्यापाठोपाठ रुपयाचेही. एका डॉलरला 3 रुपये 30 पैशांच्या आसपास मोजावे लागत, त्याऐवजी 4 रुपये 76 पैशांच्या आसपास मोजावे लागू लागले. ब्रिटिश गाडीची रुपयांतील किंमत मात्र या निर्णयाने वाढली नाही.

ब्रिटनलाही गाड्या परदेशी विकायच्याच होत्या. युद्धाचे कर्ज फेडायला निर्यात हाच मार्ग उरला होता. पोलाद नियंत्रणाखाली होते, आणि जो कारखाना जास्त माल बाहेर पाठवील त्याला ते जास्त मिळे. देशातल्या गिऱ्हाइकाला नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे; मिळालीच तर ठराविक मुदतीपर्यंत ती विकणार नाही असे लिहून द्यावे लागे. परदेशातील गिऱ्हाईक रांगेत पुढे असे. 1950 साली जगात निर्यात झालेल्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक ब्रिटनच्या होत्या, त्याचे मूळ या धोरणात आहे.

भारत सरकारची लंडनमधील खरेदी उच्चायुक्तांच्या अखत्यारीतील इंडिया स्टोअर डिपार्टमेंट हे खाते पाही. उच्चायुक्तालय ऑल्डविच येथील इंडिया हाउसमध्ये होते. ही इमारत हर्बर्ट बेकर यांच्या आराखड्याप्रमाणे बांधलेली असून 1930 साली खुली झाली. खरेदीची रीत ठरलेली होती. दिल्लीहून मागणीपत्र जाई, दर मागवले जात, करार होई. त्यानंतरचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा: खात्याचे निरीक्षक माल पाहून तो करारातील वर्णनाप्रमाणे आहे असा दाखला देत. मगच गाड्या जहाजावर चढत आणि मुंबई किंवा मद्रासच्या गोदीत उतरत. ही रीत वेळखाऊ होती, पण समुद्रापलीकडे पोहोचलेली गाडी परत पाठवणे जवळजवळ अशक्य असते, म्हणूनच ती तशी आखलेली होती.

तपासणी ढिली पडली की काय होते हे 1948 च्या जीप प्रकरणाने दाखवून दिले. काश्मीरमध्ये लढाई चालू होती आणि लष्कराला तातडीने जीप हव्या होत्या. उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी नेहमीची पद्धत बाजूला ठेवून एका परदेशी कंपनीशी सुमारे 80 लाख रुपयांचा करार केला. त्या जीप नव्या नव्हत्या, वापरलेल्या आणि दुरुस्त केलेल्या होत्या. पैशांचा मोठा भाग आगाऊ दिला गेला. प्रत्यक्षात 155 जीप आल्या आणि त्याही लष्कराच्या कामाच्या नव्हत्या. संसदेत या व्यवहारावर वर्षानुवर्षे प्रश्न विचारले गेले. अखेर 30 सप्टेंबर 1955 रोजी गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी हे प्रकरण सरकारच्या दृष्टीने संपल्याचे जाहीर केले. त्यातील राजकारणाची चर्चा पुष्कळ झाली. व्यवहाराची बाजू मात्र साधी आहे: गाडी चालेल की नाही हे पाहणाऱ्या माणसाच्या आधी पैसे देणारा माणूस पुढे गेला.

गाडी पारखण्याचे हे काम देशात जिथे रुजले, ती जागा भिंगारला लागून आहे. अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) भुईकोट किल्ल्यापलीकडे भिंगार आणि त्याला खेटून लष्कराची छावणी. रणगाड्यांचे प्रशिक्षण इथे दोन महायुद्धांच्या मधल्या काळातच सुरू झाले होते. 1948 मध्ये चिलखती दलाच्या वेगवेगळ्या प्रशिक्षण संस्था एकत्र करून आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल उभे राहिले. लष्करी वाहनांच्या तपासणीचे केंद्र रावळपिंडीजवळच्या चकलाला येथे होते. फाळणीनंतर तेही अहमदनगरला आले. त्यातूनच पुढे वाहन संशोधन आणि विकास संस्था, म्हणजे व्हीआरडीई, वाढली. संस्थेच्या परिसराचे नावच वाहननगर आहे. इंग्लंडात बनलेले वाहन इथल्या उन्हात, धुळीत आणि खडकाळ माळावर टिकते का, हा प्रश्न लंडनच्या कारखान्यात बसून सुटणारा नव्हता. नगरचा कोरडा, दगडगोट्यांचा मुलूख त्याचे उत्तर रोखठोक देई.

आणि हा प्रश्न खरोखरच अवघड होता. ब्रिटनमध्ये 1947 पर्यंत मोटारीचा कर इंजिनाच्या सिलिंडरच्या व्यासावरून ठरणाऱ्या अश्वशक्तीवर बसे. त्यामुळे तिथल्या कारखान्यांनी अरुंद सिलिंडरची, लहान इंजिने बनवण्याची सवय लावून घेतली होती. इंग्लंडच्या गुळगुळीत रस्त्यांवर ती ठीक चालत. चार माणसे आणि ट्रंका घेऊन घाट चढताना मात्र ती दमत आणि उन्हाळ्यात रेडिएटर उकळे. कर बदलल्यावर जरा मोठ्या इंजिनाच्या गाड्या आल्या. 1947 ची स्टँडर्ड व्हॅनगार्ड मुद्दाम परदेशी बाजार डोळ्यांसमोर ठेवून काढलेली होती. एप्रिल 1948 मध्ये ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर आली. पोलाद मिळत नसल्याने तिचे अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले होते. टंचाईतून निघालेली ही तोड ओल्या हवेच्या देशांत वरदान ठरली, कारण त्या पत्र्याला गंज चढत नव्हता.

कारखान्यातून गाडी घेणे सोपे, ती चालती ठेवणे कठीण. ब्रिटिश गाड्यांचे नट-बोल्ट व्हिटवर्थ मापाचे, तर जीप आणि डॉजचे अमेरिकी मापाचे. एका गाडीचा पाना दुसरीला बसत नसे, आणि जबरदस्तीने बसवला तर नटाचे कोपरे झिजत. ब्रिटिश गाड्यांची बॅटरी बहुधा 12 व्होल्टची, युद्धकालीन साध्या जीपची 6 व्होल्टची. दोन्ही प्रकारच्या गाड्या एकाच शेडमध्ये उभ्या असतील, तर मिस्त्रीला हत्यारांचे दोन संच आणि स्पेअर पार्टची दोन कपाटे लागत. 1948 मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी आट्यांचे एकच माप ठरवले, पण जुन्या गाड्या रस्त्यावर होत्या तोवर जुने पानेही पेटीत राहिले.

या साऱ्या खरेदीचा सामान्य माणसाला लाभलेला सर्वांत मोठा भाग म्हणजे एसटी. 1 जून 1948 रोजी मुंबई राज्याची पहिली सरकारी बस पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. सुरुवातीच्या ताफ्यात निळ्या-चंदेरी रंगाच्या 30 बेडफर्ड गाड्या होत्या. बॉडी लाकडी, बाकांच्या गाद्या काथ्याच्या. बेडफर्ड हे इंग्लंडमधील ल्युटनच्या व्हॉक्सहॉल कंपनीच्या मालमोटारींचे आणि बसचे नाव. कंपनीची मालकी अमेरिकेच्या जनरल मोटर्सकडे होती, तरी कारखाना ब्रिटनमध्ये होता. भिंगारच्या माणसाला पुण्याला जायचे तर शिरूर, रांजणगाववरून खाजगी मोटारवाल्याच्या मर्जीवर जावे लागे. गाडी भरल्याशिवाय ती सुटत नसे. ठरलेल्या वेळी सुटणारी, ठरलेले भाडे घेणारी बस ही त्याच्यासाठी स्वातंत्र्याची पहिली रोजच्या उपयोगाची खूण होती, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

एसटीच्या पहिल्या वर्षांत ताफ्यात शेव्हरोले, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट अशा दहा प्रकारच्या गाड्या होत्या. त्यांतल्या सहा ब्रिटिश. पन्नाशीच्या आरंभी मॉरिसच्या चेसिसवर बांधलेल्या ‘नीलकमल’ आणि ‘गिरियारोहिणी’ या आरामगाड्या पुणे–महाबळेश्वर मार्गावर धावू लागल्या आणि लोकांच्या आवडत्या झाल्या. पण दहा प्रकारांचे सुटे भाग सांभाळणे हे डेपोच्या भांडारपालाचे रोजचे संकट होते.

1953 मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशींवरून सरकारने ठरवले की ज्यांच्याकडे गाडीचे भाग देशातच बनवण्याचा आराखडा आहे, त्यांनाच पुढे परवानगी मिळेल. नुसती जोडणी करणाऱ्या फोर्ड आणि जनरल मोटर्सने इथला गाशा गुंडाळला. ब्रिटिश आराखडे मात्र टिकले, आता भारतीय कारखान्यांतून. मॉरिस ऑक्सफर्डवरून उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सने ॲम्बेसेडर काढली आणि तीच कचेऱ्यांची गाडी झाली. लष्कराने ब्रिटनकडून घेतलेले सेंच्युरियन रणगाडे 1965 आणि 1971 च्या युद्धांत लढले. व्हिकर्सच्या आराखड्यावरचा विजयंता 1965 च्या अखेरीस मद्रासजवळच्या आवडी येथील कारखान्यातून बाहेर पडला. ब्रिटिश रणगाडे आणि रोल्स-रॉइसची जुनी चिलखती मोटार आज अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात पाहता येतात. ते 1994 मध्ये सुरू झाले. एसटीच्या डेपोंतून दहा प्रकारांच्या गाड्या हळूहळू गेल्या आणि त्यांच्या जागी मुख्यतः मद्रासच्या अशोक लेलँडच्या आणि जमशेदपूरच्या टाटांच्या गाड्या आल्या. त्यांचे सुटे भाग रुपयांत मिळत होते.